फोनला कळते का डोंबिवलीची चाल?

डोंबिवली पूर्वेहून निघालेला माणूस शेअर रिक्षाने स्टेशन गाठतो, पुलाचा जिना चढतो, दुसऱ्या बाजूने उतरतो, फलाटावर ठरलेल्या डब्याच्या जागी उभा राहतो आणि ठाण्यापर्यंत, नाहीतर पार सीएसएमटीपर्यंत, वरच्या दांडीला धरून उभ्यानेच जातो. या साऱ्या वेळात त्याच्या खिशातला किंवा पोटाशी घेतलेल्या सॅकमधला फोन स्वतःची हालचाल टिपू शकतो, तीही सेकंदाला पन्नासएक वेळा. त्या आकड्यांवरून मालक चालतो आहे, जिन्यावर आहे, बसला आहे की वाहनात आहे, याचा अंदाज बांधता येतो. संगणकशास्त्रात या विषयावर वीस-पंचवीस वर्षे काम चालू आहे. पावले मोजणारी ॲप, विम्याच्या सवलती, अपघात झाल्यास आपोआप मदत मागणाऱ्या सुविधा हे सगळे त्याच कामावर उभे आहे. शोधनिबंधांत अचूकतेचे आकडे ९५ टक्क्यांच्या पुढे जातात. हे आकडे कोणाच्या चालण्यावरून काढले आणि ठाणे–कल्याण पट्ट्यातल्या माणसाला ते कितपत लागू पडतात, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

आधी यंत्र समजून घ्यायला हवे. फोनच्या आत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. फोन हलला की तो तुकडा किंचित मागे राहतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते, त्यामुळे विद्युत धारकता बदलते आणि त्यावरून तिन्ही दिशांचे त्वरण कळते. हा ॲक्सेलरोमीटर. फोन टेबलावर निपचित पडलेला असतानाही तो शून्य दाखवत नाही. गुरुत्वाकर्षणामुळे ९.८ मीटर प्रतिसेकंद वर्ग हा आकडा त्यात कायम असतो, आणि तो कोणत्या अक्षावर दिसतो त्यावरून फोन उभा आहे की आडवा हे समजते. जोडीला जायरोस्कोप फिरण्याचा वेग सांगतो आणि मॅग्नेटोमीटर होकायंत्राचे काम करतो. काही फोनांत हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटरही असतो. साधारण आठ मीटर वर गेले की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो, त्यामुळे एक मजला चढल्याचीसुद्धा बॅरोमीटरला चाहूल लागते. स्वस्त फोनांत मात्र बॅरोमीटर नसतो आणि बऱ्याचदा जायरोस्कोपही नसतो.

सतत येणाऱ्या या आकड्यांचे दोन ते दहा सेकंदांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याची सरासरी, चढ-उतार आणि त्यात दडलेली लय काढतात. सावकाश नाही आणि घाईतही नाही अशा चालीत सेकंदाला सुमारे दोन पावले पडतात, धावताना तीनच्या जवळ. बसलेल्या माणसाचा आलेख जवळजवळ सपाट असतो. हजारो तुकड्यांवर ‘हे चालणे’, ‘हे बसणे’ अशी चिठ्ठी लावून ते संगणकाला शिकवले की नवा तुकडा कोणत्या जातीचा हे तो ओळखू लागतो. पूर्वी यासाठी निर्णयवृक्ष किंवा सपोर्ट व्हेक्टर मशीनसारख्या पद्धती वापरत. गेल्या दहा वर्षांत न्यूरल नेटवर्क आली आणि कोणती वैशिष्ट्ये मोजायची हेही संगणकच ठरवू लागला. पद्धती बदलल्या, पण चिठ्ठ्या लावलेल्या नमुन्यांची गरज संपलेली नाही. या विषयाची खरी अडचण तिथेच आहे.

जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती या विषयात सर्वांत जास्त फिरलेला नमुना इटलीतल्या जेनोआ विद्यापीठाचा आणि स्पेनमधल्या कॅटालोनिया पॉलिटेक्निक विद्यापीठाचा. दावीदे आंगीता आणि सहकाऱ्यांनी २०१२-१३च्या सुमारास तो तयार केला. १९ ते ४८ वयाच्या ३० जणांनी कमरेला सॅमसंग गॅलेक्सी एस-२ बांधून सहा गोष्टी केल्या: चालणे, जिना चढणे, जिना उतरणे, बसणे, उभे राहणे, आडवे होणे. सेकंदाला ५० नोंदी, २.५६ सेकंदांचा एक तुकडा, प्रत्येक तुकड्यातून ५६१ वैशिष्ट्ये. चाचणीसाठी माणसे वेगळी ठेवली होती, म्हणजे ज्यांच्यावर शिकवले त्यांच्यावरच परीक्षा घेतली नाही. निकाल ९६ टक्के आला. काम नेटके आहे आणि ते सर्वांसाठी खुले ठेवणे हा या मंडळींचा मोठेपणा आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत आजही हीच फाइल उतरवून घेतात, तिच्यावर एखादे नवे नेटवर्क चालवतात, ९७ टक्के आले की प्रकल्प पूर्ण. पण कमरेच्या पट्ट्याला ठरल्या जागी बांधलेला एकच फोन आणि सांगितल्याबरहुकूम केलेली सहा कामे, एवढेच त्या फाइलमध्ये आहे.

न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठातल्या गॅरी वाइस यांच्या गटाने थोडा मोकळा मार्ग घेतला. २०१०-११मध्ये त्यांनी २९ जणांच्या पँटच्या पुढच्या खिशात अँड्रॉइड फोन ठेवला आणि दहा-दहा सेकंदांचे तुकडे तपासले. संथ धावणे जवळजवळ बिनचूक ओळखले गेले, चालणेही. जिन्यावर मात्र घोळ झाला. चढणे, उतरणे आणि साधे चालणे यांची एकमेकांत गल्लत होऊन तिथली अचूकता बरीच खाली आली. पुढे याच गटाने आणखी मोलाची गोष्ट दाखवली. एखाद्याच्या स्वतःच्या चालीवर शिकवलेले प्रारूप त्याला ९८ टक्क्यांच्या आसपास ओळखते, तर इतरांच्या चालींवर शिकवून अनोळखी माणसावर लावलेले प्रारूप ७५ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. दुकानातून आणलेला फोन पहिल्या दिवशी या दुसऱ्या वर्गात असतो. त्याच्या मालकाची चाल त्याने कधी पाहिलेली नसते.

प्रयोगशाळा आणि रस्ता यांतली ही दरी फोनच्याही आधीची आहे. जर्मन संशोधक फोर्स्टर आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये अंगाला बांधलेल्या ॲक्सेलरोमीटरवरून हालचाली ओळखल्या. प्रयोगशाळेत ९५ टक्क्यांहून अधिक यश आले आणि बाहेर रोजच्या व्यवहारात तेच सुमारे ६६ टक्क्यांवर घसरले. एमआयटीच्या लिंग बाओ आणि स्टीफन इंटिल यांनी २००४मध्ये म्हणूनच २० लोकांना देखरेखीशिवाय कामे करू दिली. २० प्रकारच्या हालचालींवर ८४ टक्के निकाल मिळाला, पण त्यासाठी अंगावर पाच ठिकाणी सेन्सर लावावे लागले. २०१५मध्ये आणखी एक खोट उघड झाली. वेगवेगळ्या कंपन्यांचे ३६ फोन, घड्याळे आणि टॅब्लेट घेऊन केलेल्या अभ्यासात एकाच हालचालीचे आकडे यंत्रागणिक वेगळे निघाले. कोणाचा सेन्सर मुळातच तिरका मोजत होता, कोणाचा फोन दुसऱ्या कामात गुंतला की नोंदींचा वेग डळमळत होता. ज्या बाजारात आठ हजारांपासून लाखापर्यंतचे फोन एकाच डब्यात प्रवास करतात, तिथे ही खोट लहान नाही.

आता हे सगळे घेऊन ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या रस्त्यावर यावे. ठाण्यात कचराळी तलावाभोवती सकाळी फेऱ्या मारणारा माणूस जेनोआच्या प्रयोगातल्या माणसाशी बऱ्यापैकी जुळतो. सपाट वाट, एकसारखी लय, खिशात फोन. त्याची पावले फोन चोख मोजतो. तोच माणूस सकाळी नऊच्या सुमारास डोंबिवलीच्या पुलावर असेल तर पाऊल पडत नाही, सरकते. पुढच्याच्या टाचेला पाय लागू नये म्हणून प्रत्येकजण अर्धे पाऊल टाकतो, थांबतो, पुन्हा टाकतो. फार सावकाश चालीत पावले निसटतात, ही पावले मोजणाऱ्या यंत्रांची जुनी उणीव आहे. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावर शेअर रिक्षात बसलेल्या माणसाच्या फोनला बसणारे धक्के कधीकधी पावले म्हणून मोजले जातात. म्हणजे घरापासून रेल्वेच्या पुलापर्यंत जास्तीची पावले आणि पुलावर कमी. दिवसअखेरची बेरीज योग्य वाटली तरी ती योग्य कारणाने योग्य आलेली नसते. वैद्यकीय उपयोगासाठी हा फरक फार मोलाचा आहे.

वाहने ओळखण्याचा प्रश्न याहून कठीण. हेलसिंकीच्या संशोधकांनी २०१३मध्ये केवळ ॲक्सेलरोमीटरवरून बस, रेल्वे, मेट्रो, ट्राम आणि मोटार वेगळ्या काढून दाखवल्या. प्रत्येक वाहन वेग कसा घेते आणि ब्रेक कसा लावते यावर त्यांची पद्धत बेतली होती. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाने पुढे प्रवासाच्या नोंदींचा फार मोठा संग्रह केला: सात महिने, २,८०० तासांहून अधिक वेळ, आठ प्रकार. हात, छाती, कंबर आणि पिशवी अशा चार ठिकाणी फोन ठेवले. नोंदी देणारी माणसे मात्र तीन. आणि प्रकार कोणते? स्थिर, चालणे, धावणे, सायकल, मोटार, बस, रेल्वे, भुयारी रेल्वे. त्यात रिक्षा नाही, स्कूटर नाही, तीनजणांच्या बाकावर चौथी सीट घेऊन टेकलेला प्रवासी नाही.

गूगलने २०१३मध्ये अँड्रॉइडसाठी हालचाल ओळखण्याची जी सोय ॲप बनवणाऱ्यांना दिली, तिच्यातही प्रकार असेच मोजके होते: वाहनात, सायकलवर, पायी, स्थिर. नंतर चालणे आणि धावणे वेगळे झाले. ॲपलने त्याच वर्षी आयफोन ५-एसमध्ये हालचालीच्या नोंदींसाठी स्वतंत्र चिप बसवली, त्यामुळे मुख्य प्रोसेसर झोपलेला असतानाही मोजणी चालू राहू लागली आणि बॅटरी वाचली. हे तंत्र घरोघरी पोचले ते या दोन निर्णयांमुळे. पण ‘वाहनात’ या एकाच खान्यात घोडबंदर रोडवरची वातानुकूलित मोटार, कल्याण–शिळफाटा रस्त्यावरची दुचाकी आणि कसाऱ्याहून येणारी भरलेली लोकल एकत्र पडते.

लोकलचा अनुभव तर वर सांगितलेल्या कोणत्याच संग्रहात नाही. रेल्वेच्या परिभाषेत गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी अशी अवस्था नोंदलेली आहे. डोंबिवली ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर. तासाभराहून अधिक वेळ माणूस एका पायावर भार देतो, दुसऱ्यावर घेतो, वळणावर दांडी घट्ट धरतो, प्रत्येक स्टेशनला उतरणाऱ्यांना वाट देतो. शरीर सतत काम करत असते आणि फोनच्या लेखी तो वाहनात निवांत आहे. बसायला मिळावे म्हणून डोंबिवलीहून डाऊन गाडीने कल्याणला उलटे जाऊन त्याच गाडीने परतणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्या प्रवासाचा नकाशा पाहून कोणतेही परदेशी प्रारूप बुचकळ्यात पडेल. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि किमान चौघांचा जीव गेला. त्यानंतर स्वयंचलित दारांची आणि गाड्यांच्या रचनेची चर्चा झाली. कोणत्या गाडीत, कोणत्या टप्प्यात, किती माणसे किती वेळ उभी असतात याचे बारीक मोजमाप त्या चर्चेत हाताशी असायला हवे होते. बसलेला आणि उभा यांतला फरक ओळखण्याचे काम संशोधनात बरीच वर्षे चालले आहे, पण ते हलत्या आणि खच्चून भरलेल्या डब्यात कोणी करून पाहिले पाहिजे.

बायकांच्या डब्याचा वेगळा विचार करायला हवा. पँटच्या पुढच्या खिशातला फोन हे गृहीतकच तिथे मोडते. फोन पर्समध्ये असतो, पर्स खांद्यावर किंवा मांडीवर असते, गर्दीत ती छातीशी धरलेली असते. पर्स चालीबरोबर हलते ती वेगळ्या लयीत. संध्याकाळच्या गाडीत भाजी निवडत घरी येणारी बाई फोनच्या लेखी स्थिर. घरी पोचल्यावर फोन ओट्याच्या कडेला किंवा चार्जिंगला, आणि ती पुढचे दोन-तीन तास उभी, वाकलेली, खाली बसून उठणारी. त्यातले काहीच फोनपर्यंत पोचत नाही. फोन मुळात फोनची हालचाल मोजतो. माणूस आणि फोन एकत्र असतील तेवढ्याच वेळेचा तो हिशेब देऊ शकतो, आणि हे एकत्र असणे पुरुष आणि बायका यांच्यात सारखे नाही.

स्टॅनफर्डच्या टिम आल्थॉफ आणि सहकाऱ्यांचा २०१७चा ‘नेचर’मधला गाजलेला अभ्यास या बाजूने पुन्हा वाचावा. एका ॲपच्या १११ देशांतल्या ७ लाख १७ हजारांहून अधिक लोकांच्या सुमारे ६ कोटी ८० लाख दिवसांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. हाँगकाँगची दिवसाची सरासरी ६,८८० पावले, इंडोनेशियाची ३,५१३. तुलनेतल्या ४६ देशांत भारत ३९वा, सरासरी ४,२९७. भारतीय पुरुष ४,६०६ आणि स्त्रिया ३,६८४. भारतीय आळशी असल्याचे मथळे तेव्हा सगळीकडे झळकले. नोंदी आयफोनवरच्या ॲपमधल्या होत्या आणि आयफोन त्या काळी भारतात मूठभर लोकांकडे होता, हे त्या मथळ्यांखाली फारसे कुठे दिसले नाही. दिव्याच्या चाळीतून नाक्यावर कामाला जाणारा मजूर, उल्हासनगरच्या कारखान्यातली कामगार, कल्याणच्या बाजार समितीतला हमाल यांची पावले त्या सरासरीत असण्याची शक्यता जवळपास नव्हतीच. अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष मात्र टिकाऊ आहे. देशात सगळे सारखे चालतात की काही खूप आणि काही अगदीच थोडे, ही विषमता लठ्ठपणाशी निगडित आहे. जिथे विषमता जास्त तिथे स्त्रियांचे चालणे पुरुषांपेक्षा अधिक घटते.

खरे मोजमाप हवे याचे कारण समोर आहे. जून २०२४मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२मध्ये जवळपास निम्मे भारतीय प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२ टक्के. आयसीएमआरच्या अभ्यासाने २०२३मध्ये देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे असल्याचे सांगितले. हालचालीचा अंदाज बांधताना आधार होता प्रश्नावल्यांचा, म्हणजे लोकांच्या आठवणीचा. आठवडाभरात किती मिनिटे घामाघूम होईपर्यंत काम केले, हे कोण नेमके सांगू शकेल? सेन्सर इथे फार मोठी मदत करू शकतात. ब्रिटनमधल्या यूके बायोबँक प्रकल्पाने २०१३ ते २०१५ या काळात सुमारे एक लाख लोकांच्या मनगटावर आठवडाभर ॲक्सेलरोमीटर बांधले, आणि त्या नोंदींवर ऑक्सफर्डचे संशोधक आजही नवी प्रारूपे तयार करत आहेत. भारतात असा संग्रह उभा राहिला तर मधुमेहाच्या डॉक्टरांना हवी असलेली माहिती पहिल्यांदा हाती येईल.

दहा हजार पावलांविषयीही दोन शब्द. हा आकडा कोणत्याही वैद्यकीय प्रयोगातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५मध्ये यामासा या जपानी कंपनीने पावले मोजणारे यंत्र विकायला काढले आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. २०१९मध्ये अमेरिकेतल्या १६,७४१ वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचा धोका कमी दिसू लागला आणि ७,५००च्या आसपास फायदा स्थिरावला. तरीही दहा हजारांचा आकडा आता पैशाशी जोडला गेला आहे. ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवलीला कार्यालय असलेल्या आदित्य बिर्ला हेल्थ इन्शुरन्सच्या योजनेत दिवसाला दहा हजार पावले, किंवा ३०० कॅलरी, किंवा व्यायामशाळेत अर्धा तास, असे सक्रिय दिवस साठवले की हप्त्याचा काही भाग परत मिळण्याची सोय आहे. आरोग्य विम्याने लोकांना चालायला लावावे ही कल्पना चांगलीच. पण मोजणी पैशात उतरते तेव्हा पर्समधला फोन आणि खिशातला फोन यांतली तफावतही पैशात उतरते.

या विषयात भारतीयांनी केलेले काम थोडे असले तरी भक्कम आहे, आणि त्याचा एक धागा ठाण्याच्या अगदी शेजारी पवईला पोचतो. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये २००८मध्ये प्रशांत मोहन, वेंकट पद्मनाभन आणि रामचंद्रन रामजी यांनी ‘नेरिसेल’ हा प्रयोग केला. भारतीय रस्त्यावरचे ब्रेक, खड्डे आणि हॉर्न फोनने ओळखायचे. फोन खिशात कसाही पडलेला असला तरी त्याच्या आकड्यांवरून गाडीची पुढची दिशा गणिताने शोधून काढायची, ही त्यांची युक्ती आजही वापरात आहे. आयआयटी मुंबईतल्या भास्करन रामन आणि पुरुषोत्तम कुलकर्णी यांच्या गटाने २०१२मध्ये ‘वुल्वरीन’ मांडले. दिशा शोधायला बॅटरी खाणाऱ्या जीपीएसऐवजी मॅग्नेटोमीटर वापरला आणि धक्का व ब्रेक वेगळे करण्याचे काम संगणकाच्या शिकण्यावर सोपवले. रस्त्यावरच्या धक्क्यांपैकी सुमारे दहा टक्के आणि ब्रेकपैकी पाचातला एक त्यांच्या हातून निसटला. हे आकडे ९६ टक्क्यांसारखे चमकदार दिसत नाहीत, पण ते इथल्या रस्त्यांवरचे आहेत. त्यामुळे इथल्या वाचकाने त्यांचेच वजन जास्त धरावे.

२०१८च्या पावसाळ्यात कल्याणमध्ये खड्ड्यांनी पाच बळी घेतल्याच्या बातम्यांनी राज्य हादरले होते. वुल्वरीनला तेव्हा सहा वर्षे झाली होती. रोज त्या रस्त्यांवरून हजारो दुचाकीस्वार जातात, प्रत्येकाच्या खिशात सेन्सर असतो, आणि खड्डा कुठे पडला हे पालिकेला कळते ते तक्रार किंवा अपघात झाल्यावर. दुचाकीस्वार खड्डा चुकवतो तेव्हाही जायरोस्कोपला ते झटकन घेतलेले वळण दिसते, म्हणजे न बसलेल्या धक्क्यावरूनही खड्डा सापडू शकतो. या कामातला एक धोका अमेरिकेत आधीच दिसून आला आहे. बॉस्टनने २०१२मध्ये ‘स्ट्रीट बंप’ हे ॲप आणले तेव्हा स्मार्टफोन आणि मोटारी सधन वस्त्यांत जास्त, त्यामुळे तिथलेच रस्ते जास्त दुरुस्त होतील, असा इशारा अभ्यासकांनी दिला. आज इथे फोन बहुतेकांकडे आहे, पण कोणते ॲप कोण उतरवते यात फरक राहणारच. पलावा गृहसंकुलाच्या अंतर्गत रस्त्यांची नोंद भरपूर आणि दिव्याच्या गल्लीची शून्य, असे होऊ द्यायचे नसेल तर बस, कचरागाड्या आणि रुग्णवाहिका यांत फोन बसवणे हा साधा उपाय आहे.

हालचाल ओळखण्याचे उपयोग इतरही आहेत. पार्किन्सनच्या रुग्णांची चाल आणि आवाज फोनवरून टिपणारा ‘एम-पॉवर’ हा अमेरिकी अभ्यास २०१५पासून चालला. २०२२च्या आयफोन १४मध्ये मोटार अपघात ओळखण्याची सोय आली आणि सुरुवातीला तिथल्या रोलरकोस्टरवरच्या झटक्यांनाही ती अपघात समजली. सप्टेंबर २०२३पासून अँड्रॉइड फोन भारतात भूकंपाची पूर्वसूचना देऊ लागले. चार्जिंगला लावलेले, स्थिर पडलेले असंख्य फोन एकाच वेळी थरथरले की गूगलच्या यंत्रणेला कंपाचा माग लागतो. २०१४पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग असलेल्या पालघरमध्ये, डहाणू–तलासरी भागात, नोव्हेंबर २०१८पासून लहान धक्क्यांची मालिका लोकांनी सोसली आहे. तिथे या सोयीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पण हेच सेन्सर मालकाविषयी मालकाच्या नकळत बोलतात. कॅमेरा, माइक आणि ठिकाण यांसाठी ॲप परवानगी विचारते. २०१९च्या अँड्रॉइड १०पासून पावले आणि हालचालीचे प्रकार यांनाही परवानगी लागते. कच्च्या ॲक्सेलरोमीटरला मात्र लागत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१४मध्ये जायरोस्कोपच्या कंपांवरून जवळ बोललेले काही शब्द ओळखून दाखवले. नानजिंग विद्यापीठाचा २०१५चा अभ्यास ठाणे–कल्याणकरांना जास्त जवळचा. मेट्रोच्या प्रत्येक दोन स्थानकांमधले वेग घेणे आणि थांबणे यांची खूण वेगळी असते, त्यामुळे ठिकाणाची परवानगी नसलेले ॲपही प्रवासी कुठून कुठे गेला हे सांगू शकते. सहा स्थानकांच्या प्रवासात ९२ टक्के अचूकता त्यांना मिळाली. कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे या धिम्या मार्गावर सहा टप्पे कधीच पार होतात, आणि वेळापत्रक तर सर्वांसमोर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. चालण्याच्या नोंदीतून माणसाचे आजारपण, दिनक्रम आणि प्रवास उघड होतो, हे लक्षात घेऊनच त्या कायद्याची अंमलबजावणी व्हायला हवी.

या साऱ्या आढाव्यातून एकच मागणी पुढे येते: या पट्ट्याच्या स्वतःच्या, चिठ्ठ्या लावलेल्या, संमतीने घेतलेल्या आणि सर्वांना खुल्या नोंदी. त्यात शेअर रिक्षा हवी, डबलसीट दुचाकी हवी, लोकलमधले उभे राहणे आणि बसणे वेगवेगळे हवे, गर्दीतला जिना हवा, पर्स आणि सॅक हवी, पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन हवा, गणपतीत कमरेला ढोल बांधून वाजवणारा तरुणही हवा, कारण ढोलाची लय फोनला चालीसारखी वाटू शकते. साठीच्या पुढची माणसे हवीत आणि घरकाम करणाऱ्या बायका हव्यात. अवघड काम आहे, पण आवाक्याबाहेरचे नाही. जगभर वापरला जाणारा जेनोआचा संग्रह ३० माणसांचा आहे आणि ससेक्सचा तिघांचा. ठाणे, डोंबिवली आणि कल्याणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणक शाखेच्या एका वर्गात साधारण ६० विद्यार्थी असतात, आणि त्यांतले बहुतेक रोज याच गाड्यांतून येतात. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी जेनोआची फाइल पुन्हा उतरवून घेण्याऐवजी प्राध्यापकांनी एका तुकडीला हे काम द्यावे. साधे अँड्रॉइड फोन, मराठीतले स्पष्ट संमतीपत्र, दर टप्प्याला ‘आता रिक्षा’, ‘आता जिना’ अशी नोंद करणारे छोटे ॲप आणि नोंदींतून नाव व घराचा पत्ता काढून टाकण्याची शिस्त, एवढ्या सामग्रीवर येत्या पावसाळी सत्रात याची सुरुवात करता येईल.